अमेरिकेतली ख्रिश्चन युनिव्हर्सिटी की झेवियर्स-सोफिया? लेकीच्या ॲडमिशनबद्दल मत हवंय

मुलुंडची_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

लेकीने यंदा बारावी आर्ट्सची परीक्षा दिली, निकाल यायचाय. सायकॉलॉजीच करायचं हे तिचं दहावीपासून ठरलंय आणि त्याला घरात कुणाची हरकत नाही. आमचं आपलं साधं गणित होतं, झेवियर्स किंवा सोफिया मिळालं तर उत्तम, नाहीतर मुलुंड-ठाण्यातलं कुठलंही बरं कॉलेज. पण बाईसाहेबांनी कुणा सिनियरचं बघून अमेरिकेतही अर्ज टाकले होते, आम्ही म्हटलं टाकू दे, कुठे मिळणारे. तर मिळालं! मिडवेस्टमधली एक खाजगी ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे (नाव नको), ट्यूशनमध्ये जवळपास निम्मी स्कॉलरशिप देतायत आणि १ मेच्या आत डिपॉझिट भरा म्हणतायत. म्हणजे बारावीचा निकाल हातात यायच्या आधीच ठरवून टाकायचं.

घरात सध्या रोज रात्री जेवताना परिषद भरते. सासूबाईंचं एकच, "बाटवून परत पाठवतील." मजा म्हणजे ह्याच सासूबाई माझ्या लग्नाच्याही आधीपासून बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला जातात, मेणाचं घर वाहिलं म्हणून आपला फ्लॅट झाला असं अजून सांगतात. ह्यांना पैशाची काळजी. माझ्या शंका वेगळ्या आहेत. तिथे बायबल शिकणं सक्तीचं असतं का, प्रार्थनेला जावंच लागतं का, हॉस्टेलचे नियम कसे असतात, आणि पुढे मास्टर्सला किंवा नोकरीला डिग्रीवरचं नाव बघून कुणी नाक मुरडतं का? इथली मिशनऱ्यांची कॉलेजं आणि तिथली युनिव्हर्सिटी हे प्रकरण एकच की वेगळं?

अनुभव असेल त्यांनी सांगा. उगाच धर्मावरून भांडू नका प्लीज.

गिरगावकर७

भांडू नका म्हणालात म्हणजे आता भांडायलाच लोक येणार, त्याआधी मी लिहून टाकतो.

मी टाऊनमधल्या एका मिशनरी कॉलेजात अकरावीपासून टीवायपर्यंत होतो. चॅपल कुठल्या मजल्यावर आहे हे मला टीवायला कळलं, तेही एका मित्राच्या आजोबांसाठी प्रार्थना होती म्हणून. धार्मिक शिक्षणाची सक्ती करताच येत नाही, घटनेच्या २८व्या कलमात आहे ते, सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत तुमच्या संमतीशिवाय (मूल अज्ञान असेल तर पालकांच्या) प्रार्थनेला बसवता येत नाही. आणि मुंबईला ह्यात नवीन काय आहे? विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं, सोफिया १९४० चं. तिथे शिकलेल्यांची नातवंडं आज गणपतीत टाळ बडवतायत. झेवियर्समध्ये सक्तीचं काय असेल तर ते समाजसेवेचे तास, तिथे साठ तास भरावे लागायचे, आणि सायकॉलॉजी करणाऱ्या पोरीला त्याचा फायदाच आहे, वस्तीत जाऊन माणसं बघायला मिळतात.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या की झेवियर्स ही युनिव्हर्सिटी नाही. २०१० पासून स्वायत्त आहे, अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पण डिग्री मुंबई विद्यापीठाचीच. त्यामुळे नाक मुरडायचा प्रश्न इथे येत नाही.

तोटा विचाराल तर अशा कॉलेजांत धर्म आडवा येत नाही, इंग्रजी येतं. आम्ही मराठी मीडियमवाले पहिलं वर्ष शेवटच्या बाकावर गप्प बसून काढायचो, प्रश्नाचं उत्तर येत असायचं पण तोंड उघडायची लाज, आणि जी मुलं सगळ्यात जास्त बोलायची त्यांना आमच्याहून कमी यायचं हे कळेपर्यंत वर्ष संपायचं. मग मराठी मंडळात घुसलो आणि जीव रमला. तुमची कन्या अमेरिकेला स्वतः अर्ज टाकतेय म्हणजे तिचा तो प्रश्न नसणार.

वसईचा_मास्तर

ताई, मी वसईचा, जन्माने कॅथलिक, घरी सामवेदी आणि शाळेत मराठी बोलत मोठा झालेलो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, आम्हाला आमचीच पोरं रविवारी मिस्साला ओढून न्यावी लागतात, दुसऱ्यांची पोरं बाटवायला वेळ कुणाला आहे.

आता कामाचं. मुंबईतलं ख्रिश्चन कॉलेज धरणार असाल तर हे आधी समजून घ्या की ह्या अल्पसंख्याक संस्था आहेत, घटनेच्या ३०व्या कलमाखाली चालतात, त्यांना आपल्या समाजासाठी जागा राखून ठेवता येतात. कॉलेजांत साधारण निम्म्या जागा त्यात जातात. त्या जागांसाठी आमच्या मुलांना बाप्तिस्म्याचा दाखला आणि फादरचं पत्र लागतं, तेही फुकट मिळत नाही, कोण चर्चला येतं कोण नाही हे फादरला बरोबर माहीत असतं. उरलेल्या जागांवर तुमची मुलगी आणि बाकी अख्खी मुंबई. शिवाय १५(५) कलमात अल्पसंख्याक संस्थांना सरकारी आरक्षणातून वगळलंय, त्यामुळे तुमच्याकडे ओबीसी वगैरे दाखला असेल तर तो तिथे चालेल असं धरून बसू नका, प्रॉस्पेक्टस वाचा. ह्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. गरीब दलित मुलगा मेरिटच्या नावाखाली बाहेर आणि आमचा बांद्र्याचा बंगलेवाला आत, हे मला स्वतःला पटत नाही, पण नियम आहे तो आहे.

दुसरं म्हणजे "ख्रिश्चन" हा एकच डबा समजू नका. मुंबईतली बहुतेक कॉलेजं कॅथलिकांची, त्यातही फादर-सिस्टर्सचे संघ निरनिराळे, जेझुइट वेगळे, डॉन बॉस्कोवाले सेलेशियन वेगळे, सोफियाच्या सिस्टर्स वेगळ्या. विल्सन काढलं स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी. पुण्यात स्पायसर म्हणून ॲडव्हेंटिस्टांची युनिव्हर्सिटी आहे, तो पंथ रविवार नाही तर शनिवार पाळतो, शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत कामधाम बंद. अमेरिकेत तर पंथांचा बाजार आहे. तुमची युनिव्हर्सिटी कुठल्या पंथाची, हे विचारलंत का?

मुलुंडची_आई

मास्तर, सासूबाईंना वाचून दाखवलं, हसल्या पण मत बदललं नाही :)

पंथ विचारलाच नव्हता. लेकीने वेबसाईट बघून सांगितलं की "इव्हँजेलिकल, नॉन-डिनॉमिनेशनल". ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

टेक्सासची_मावशी

आता मी बोलते, माझं घर डॅलसजवळ आहे आणि भाची अशाच एका युनिव्हर्सिटीतून शिकून बाहेर पडलीय. इव्हँजेलिकल म्हणजे बायबल आणि धर्मप्रचारावर भर देणारे प्रोटेस्टंट, आणि नॉन-डिनॉमिनेशनल म्हणजे कुठल्याही एका ठरावीक पंथाला बांधलेली नाही.

तिथे "ख्रिश्चन" नावाखाली इतक्या तऱ्हा आहेत की डोकं चक्रावतं. ड्यूक आणि एमरीची मुळं मेथॉडिस्ट, पण आज तिथे शिकणाऱ्याला ते कळतही नाही. मग जॉर्जटाऊन (१७८९ ची, जेझुइटांची), फोर्डम, लोयोला, नोटर डेम अशी कॅथलिक मंडळी. तिथे थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) एक-दोन कोर्स सगळ्यांना करावे लागतात, पण मिस्साला जा असं कुणी म्हणत नाही. बऱ्याच ठिकाणी त्या कोर्समध्ये जगातले धर्म हा विषय घेता येतो, म्हणजे आपली पोरं उपनिषदांवर निबंध लिहून मार्क मिळवतात. जॉर्जटाऊनमध्ये तर हिंदू मुलांसाठी पुजारी आहे, ध्यान-पूजेची खोली आहे. नोटर डेमला हॉस्टेलं मुलामुलींची वेगळी, आणि आठवड्याच्या दिवसांत रात्री बारानंतर मुलाने मुलींच्या हॉस्टेलात थांबायचं नाही. आपल्या आयांना हे ऐकून बरंच वाटतं, पोरींना नाही.

मग टेक्सासमधलं बेलर. बॅप्टिस्टांचं, १८४५ चं, कुठल्याही धर्माची मुलं घेतात, पण ख्रिस्ती धर्माचे दोन कोर्स आणि दोन सेमिस्टर चॅपल (म्हणजे सामूहिक प्रार्थनासभेला हजेरी) करावंच लागतं. कॅम्पसवर नाचायला परवानगी १९९६ मध्ये मिळाली, हो, शहाण्णव, चुकून अठराशे वाचू नका.

आणि त्याच्याही पुढे व्हीटन, बायोला ह्यांसारखी इव्हँजेलिकल, तिथे बीए करणारी मुलं स्वतः श्रद्धावान ख्रिश्चन असावीत अशीच अपेक्षा असते. तुमच्या लेकीला हिंदू आहे हे माहीत असून घेतलंय म्हणजे तिची ह्या टोकाची नसावी, पण इव्हँजेलिकल म्हटलं की कॅथलिकांपेक्षा नियम कडक धरून चाला. आठवड्यातून दोन-तीनदा चॅपल, आयकार्ड स्कॅन करून हजेरी, इतक्या वेळा चुकवलं तर दंड किंवा पत्र, हे अगदी कॉमन आहे. दारू कॅम्पसवर नाही, काही ठिकाणी कॅम्पसबाहेरही नाही, आणि लग्नाआधी संबंध नकोत हे लेखी सही करून द्यावं लागतं.

एवढं ऐकून घाबरू नका, कारण चांगली बाजू खरंच चांगली आहे. वर्ग लहान, प्रोफेसर स्वतः शिकवतात, नाव घेऊन हाक मारतात, थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला नेतात. भाचीला पहिल्या थंडीत निमोनिया झाला तर डीनची बायको रोज डबा घेऊन हॉस्टेलवर यायची, मसाला नव्हता त्यात काडीचा, पण यायची. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत चाळीस हजार पोरांत तुम्ही मेलात का जगलात हे विचारायला कुणी येत नाही.

धर्मांतराचं म्हणाल तर सक्ती नाही, पण आग्रह असतो, तोही खूप गोड. भाचीची रूममेट तिला दर बुधवारी बायबल स्टडीला विचारायची. दोन-तीनदा लॅब आहे म्हणून टाळलं, मग एकदा गेली, पिझ्झा खाऊन आली, आणि सरळ म्हणाली की मी गणपतीवाली आहे, मला इथे बसायला आवडतं पण मी बदलणार नाही. त्यानंतर रूममेट विचारायची ती पिझ्झासाठीच. पण ज्या पोरीला नाही म्हणायला जमत नाही, एकटं वाटलं की जो जवळ घेईल त्याची होते, तिला मी अशा ठिकाणी पाठवणार नाही. तुमची लेक कशी आहे ते तुम्हालाच माहीत.

आणि हो, छोटं गाव असेल तर गाडीशिवाय हाल कुत्रं खात नाही. भारतीय दुकान तास-दीड तासावर.

हिशेबी_ठाणेकर

सगळे देवावर बोलतायत, मी पैशावर बोलतो.

ताई, निम्मी स्कॉलरशिप म्हणजे लॉटरी लागली असं समजू नका. अमेरिकेतली खाजगी कॉलेजं फी आधी फुगवून लावतात आणि मग जवळपास सगळ्यांनाच कापून देतात, पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी सूट निम्म्याहून जास्त असते. दादरला साडीवर ५० टक्के लिहिलेलं असतं तसंच. तुम्ही बघायचं ते हे की सूट वजा जाता हातातून किती जातात, आणि त्यात हॉस्टेल, मेस, इन्शुरन्स, विमान, पुस्तकं धरा, कारण ह्यावर सूट नसते. चार वर्षांचा हिशेब घाला, तीनचा नाही. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए लागतो ते पत्रात बारीक अक्षरात असेल. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिपची रक्कम बहुतेक ठिकाणी तेवढीच राहते, आणि डॉलर कुठे चाललाय ते बघताच आहात. त्याच्याशेजारी झेवियर्सच्या अनुदानित बीएची फी ठेवून बघा, ती अजून हजारांत आहे.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. अमेरिकेत लहान ख्रिश्चन कॉलेजं बंद पडतायत. मिलवॉकीची कार्डिनल स्ट्रिच २०२३ मध्ये बंद झाली, अलाबामातलं बर्मिंगहॅम सदर्न २०२४ मध्ये. मुलांची संख्या घटली की संपलं. तुमच्या युनिव्हर्सिटीत दहा वर्षांपूर्वी किती मुलं होती आणि आज किती, हे नेटवर दहा मिनिटांत सापडतं. ॲक्रेडिटेशनही (दर्जाची अधिकृत मान्यता) बघा. मिडवेस्टमध्ये असेल तर हायर लर्निंग कमिशनचं पाहिजे. फक्त बायबल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं असेल तर दुसरीकडे क्रेडिट ट्रान्सफर करताना रडायची वेळ येते.

इथल्या खाजगी युनिव्हर्सिटीत टाकायचा विचार असेल तरी एक गोष्ट डोक्यात ठेवा. मुलींना फी माफीचा राज्य सरकारचा जो जीआर २०२४ मध्ये आला तो व्यावसायिक कोर्सना आहे आणि खाजगी व अभिमत विद्यापीठांना लागू नाही. माझा साडू त्या भरवशावर बसला होता.

लवासा_फेऱ्या

साडू एकटा नाहीये :)

आमचा मुलगा क्राइस्टच्या लवासा कॅम्पसला आहे. मूळ कॉलेज बंगळुरूचं, १९६९ चं, केरळमधल्या सीएमआय ह्या कॅथलिक संघाच्या फादरांचं, २००८ पासून अभिमत विद्यापीठ. मुंबईकरांनी हा पर्याय विसरू नये म्हणून लिहितोय, सायकॉलॉजीसाठी पोरं मुद्दाम तिथे जातात. प्रवेशाला लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू. बायबल वगैरे काही नाही, पण हजेरी ८५ टक्के, म्हणजे मुंबईच्या कॉलेजात अटेंडन्स डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लावून मिरवणाऱ्यांनी जाऊ नये. पोरगं सकाळी उठतं हाच मला चमत्कार वाटतो. पावसाळ्यात घाट बघायला आम्हीच जास्त जातो, तो म्हणतो आता येऊ नका.

समुपदेशक_दादर

मी ह्याच क्षेत्रात आहे म्हणून विषयापुरतं लिहिते.

सायकॉलॉजी हा विषय असा आहे की संस्थेचा धर्म वर्गात येतो की बाहेर थांबतो ह्याने फरक पडतो. इंजिनिअरिंग असतं तर मी काहीच बोलले नसते, पूल सगळ्या पंथांचे सारखेच उभे राहतात. पण बऱ्याच इव्हँजेलिकल संस्थांत श्रद्धा आणि मानसशास्त्राची सांगड घालून शिकवतात, उघडपणे, ते लपवत नाहीत. त्यातलं सगळं वाईट नसतं, दुःख, क्षमा, अपराधीपणा ह्यावर तिथे जेवढं बोललं जातं तेवढं आपल्याकडे एमएलाही बोलत नाहीत. पण समलिंगी व्यक्तींबद्दल तिथे काय शिकवतात हे आधी विचारा. आचारसंहितेत समलिंगी संबंध म्हणजे नियमभंग असं लिहिलेलं असतं अनेक ठिकाणी, आणि अमेरिकेतला कायदा धार्मिक संस्थांना तशी सवलत देतो. आपल्याकडे समलिंगी माणसाला "बरं" करायला जाणं हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. तुमची मुलगी उद्या मुंबईत क्लायंटसमोर बसणार आहे, त्या खुर्चीत काय घेऊन येणार हे महत्त्वाचं. आणि ताई, हे जपून लिहितेय, आपली मुलगी स्वतः कोण आहे हे आईबापांना सतराव्या वर्षी माहीत असतंच असं नाही. तिला सही करायच्या आधी ती आचारसंहिता एकटीने, दार लावून वाचू द्या.

डिग्रीचं म्हणाल तर नुसत्या बीएवर कुठेच प्रॅक्टिस करता येत नाही. इथे क्लिनिकल करायचं तर आरसीआयमान्य (भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला) पुढचा कोर्स लागतो, तिथेही मास्टर्स किंवा डॉक्टरेट. म्हणजे खरा खर्च नंतर आहे. मी असते तर बीए मुंबईत आणि पैसे मास्टर्ससाठी राखून ठेवले असते.

टेक्सासची_मावशी

शेवटच्या वाक्याला माझा विरोध, कारण बीएच्या वयात परदेशी गेलेलं पोर जेवढं शिकतं तेवढं मास्टर्सला गेलेलं शिकत नाही, ते फक्त काम करतं. पण दार लावून वाचू द्या हे शंभर टक्के. आणि नाव बघून नाक मुरडण्याचं राहिलं होतं, मास्टर्सवाले मार्क, रिसर्च आणि शिफारसपत्रं बघतात. लहान कॉलेजातल्या प्रोफेसरचं पत्र उलट जास्त वजनदार असतं कारण तो मुलीला खरोखर ओळखत असतो. फार कट्टर म्हणून गाजलेलं नाव असेल तर मात्र काही जण भुवया उंचावतात, ते नाकारून चालणार नाही.

मुलुंडची_आई

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल लेकीने हँडबुक डाउनलोड केलं, बाहेरच्या खोलीत मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पानावर थांबून म्हणाली, आई, बाकीचं मी माझं वाचते. मी काही विचारलं नाही. चॅपल आठवड्यातून दोनदा आहे, हजेरी लागते. थिऑलॉजीचे तीन कोर्स. मुलांच्या संख्येचं बघितलं, दहा वर्षांत बरीच कमी झालीय, त्यावर ह्यांचा चेहरा लगेच खुलला. तिने ॲडमिशनवाल्यांना मेल टाकलाय की दुसऱ्या धर्माच्या मुलांना चॅपलऐवजी काही पर्याय आहे का, आणि बारावीच्या निकालापर्यंत डिपॉझिटची मुदत वाढवून मिळेल का. असं विचारलं तर सीट जाते का हो? आणि डिपॉझिट भरून नंतर नाही म्हटलं तर पैसे परत?

टेक्सासची_मावशी

विचारल्याने सीट जात नाही, मुदत मागणारी मुलं दरवर्षी असतात आणि जिथे मुलं कमी पडतायत तिथे तर हसत देतात. डिपॉझिट मात्र १ मेनंतर सहसा परत मिळत नाही, ते गेलं समजूनच भरायचं. उत्तर आलं की त्या ॲडमिशनवाल्यांना अजून एक सांगा, तिथे आत्ता शिकत असलेल्या एखाद्या हिंदू किंवा मुस्लिम मुलीशी व्हिडिओ कॉल लावून द्या म्हणावं. त्यांनी सुचवलेली एक आणि लेकीने स्वतः इन्स्टावर शोधलेली एक, अशा दोघींशी बोलू द्या. कॉलवर तुम्ही बसू नका.

हिशेबी_ठाणेकर

आणि निकाल लागेपर्यंत इथले फॉर्म भरायचे थांबू नका, झेवियर्स, सोफिया दोन्हींच्या तारखा त्यांच्या त्यांच्या साईटवर वेगळ्या येतात, विद्यापीठाची प्री-ॲडमिशन नोंदणी वेगळी करावी लागते ती विसरू नका.